चार हजार तीनशे बारा माणसे वाढल्याचे वर्तमान

श्री. दफ्तराची अधिष्ठात्री देवता, तिच्या रुमालांत बांधलेले कागद, आणि त्या कागदांवर पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने वस्ती करून असलेली वाळवी, या तिघांस नमस्कार करून लिहितो ऐसा जे. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, वैशाख वद्य पंचमी, ते दिवशी राजधानीबाहेर करवंदीच्या माळावर उजवे पंथी आणि डावे पंथी यांचे तुंबळ युद्ध जाहले, दोन प्रहर चालिले, दोन हजार एकशे सात माणसे पडली आणि दोन्ही पक्षांस जय मिळाला. परंतु हे युद्ध जाहलेच नाही, ऐसा हुजूरचा हुकूम आहे, आणि हुकूम युद्धाच्या दुसरे दिवशीचा असल्याकारणे अधिक ताजा, म्हणोन तोच खरा धरावा. तरी जे युद्ध जाहले नाही ते कसकसे होत गेले, त्याचा मजकूर येणेप्रमाणे.

या राज्याचे नाव लिहिण्याची चाल नाही. राज्यास दफ्तर होते, आणि दफ्तरावर अंताजीपंत म्हणोन दफ्तरदार होते, वय पन्नासाचे, घरी कोणी नाही आणि दफ्तरीही कोणी नाही. नोकरीस बावीस वर्षे जाहली तितक्यांत दफ्तरी दोघे आले. एकाने मुदपाकखाना कोणीकडे म्हणोन विचारिले, आणि दुसरी शेळी होती. पंत तिच्याशीही अदबीने बोलिले. आल्यागेल्यास विचारावे म्हणोन पंत सकाळी पाण्याचे दोन तांबे भरून ठेवीत, आणि दिवस मावळता दोन्ही आपणच पीत, आणि मग दाराकडे पाहून "बरे आहे, येत चला" म्हणत, आणि कुलूप लावीत.

त्या राज्यात दीडशे वर्षांमागे मोठा धर्मसंग्राम जाहला होता. देवापुढे नारळ ठेवावा तो शेंडी देवाकडे करून की भक्ताकडे करून, यावरून जाहला, इतके सर्वांस ठाऊक होते, आणि आपण जिंकलो हेही सर्वांस ठाऊक होते. पुढे तह जाहला आणि त्यात ठरले की, राज्यातील नारळीची झाडे समूळ तोडावी, बाहेरील नारळ वेशीच्या आत येऊ देऊ नये, आणि संग्रामाची गोष्ट कोणी कोणापाशी काढू नये. मग लोकांनी गोष्ट काढिली नाही, आणि काढिली नाही म्हणोन विसरले, आणि इतके बेताने विसरले की, आपले घराणे कोणत्या पंथाचे हेही कोणास सांगता येईना. शेजारी शेजाऱ्यास ताक देत असे. ऐसी दीडशे वर्षे गेली.

मग त्या साली महाराजांच्या मनात आले की, राज्यात माणसे थोडी. पालखीस भोई सहा पाहिजेत ते चारच मिळत, आणि तेही एका उंचीचे नव्हेत, म्हणोन महाराज स्वारीत तिरके दिसत. महाराजांनी सेनापती हैबतराव यांस आज्ञा केली की, वडिलांचे वेळी माणसे कशी वाढवीत त्याचा शोध दफ्तरात करावा. हैबतराव जातीने दफ्तरी आले. दारात माणूस पाहून पंत उभे राहिले, आणि बसले, आणि पुन्हा उभे राहिले, आणि दोन्ही तांबे एकदमच पुढे केले. हैबतराव म्हणाले, "पंत, तहान एक आहे." मग पंतांनी तीन दिवस रुमाल सोडिले आणि तिसरे दिवशी कागद सापडला, आणि दरबार भरवून पंतांनी तो खड्या आवाजात वाचिला: "धर्मसंग्रामी उभय पक्षांकडील चार हजार तीनशे बारा माणसे वाढली. नऊशे घरी बांगड्या वाढल्या. अठरा पेठांतील दुकाने वाढली. इति."

दरबार थक्क जाहला. महाराज म्हणाले, "एका युद्धात चार हजार? आणि वर दुकाने? आणि आम्ही येथे चार भोयांवर बसतो!" हैबतराव म्हणाले, "बांगड्या वाढल्या, म्हणजे लग्ने किती जाहली असतील, पाहा." महाराजांनी पंतांस शाल दिली, आणि धर्मसंग्राम पुन्हा करावा ऐसे ठरले. मग अडचण पडली की, पंथ कोणते कोणाचे हे कोणास ठाऊक नाही. त्यावर हैबतरावांनी तोड काढिली की, राजवाड्याकडून वेशीकडे जाताना जी घरे उजवे हातास ती उजव्या पंथाची, त्यांची शेंडी देवाकडे. आणि जी डावे हातास ती डाव्या पंथाची, त्यांची शेंडी भक्ताकडे. एकाने विचारिले, "आणि वेशीकडून राजवाड्याकडे येताना?" त्यास कैद केले. तीन हप्ते गेले नाहीत तोच उजवे म्हणो लागले की, डाव्यांच्या अंगास पूर्वीपासोन एक वास येतो, आणि डावे म्हणो लागले की, उजव्यांनी आमच्या पणज्यास माळावर दगा दिला. कोणता पणजा हे ठरले नव्हते, परंतु दगा ठरला होता. ताकाची देवघेव बंद पडली.

पंतांचे मात्र दिवस पालटले. कागद पाहावयास रोज चाळीस पन्नास माणसे येत. पंत वाचीत, लोक "पुन्हा वाचा" म्हणत, पंत पुन्हा वाचीत. बायका मुलांस पंतांच्या पाया पडवीत. एका वाण्याने "पंतकाका" म्हणोन हाक मारिली, तीस पंतांनी दोनदा ओ दिली. तांबे दोनाचे बारा जाहले. आणि सर्वांच्या मागोन एके दिवशी आवडाक्का कासारीण आली. ही डावे हाताची, पंतांच्या घरासमोरचीच, वय साठीचे. राज्यातील बायका दीडशे वर्षांपासोन पितळी बांगड्या घालीत, काचेची कोणी भरीत नसे, का ते कोणी सांगत नसे. आवडाक्का पितळीच विकी, परंतु आपल्या हातात काचेच्या घाली, काचेवर माया म्हणोन. तिने वाचन ऐकिले, आणि सगळे गेल्यावर ती पुढे आली.

"पंत, हे तुम्ही वाचता काय, का नुसते ओरडता?"

"आक्का, स्वच्छ अक्षर आहे. वाढली म्हणोनच लिहिले आहे."

"अहो, वाढली म्हणजे फुटली!"

"म्हणजे?"

"आमच्या धंद्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत. अशुभ तोंडातून काढू नये, म्हणून वाढली म्हणायचे. माझी आजी सांगे, नारळ होते तेव्हा नारळही फोडीत नसत, वाढवीत. दुकान बंद केले म्हणू नये, वाढवले म्हणावे. तुमच्या त्या लिहिणाऱ्याने मेली म्हणून लिहायचे टाळले, पंत. चार हजार माणसे मेली. नऊशे घरी बांगड्या फुटल्या. मग पुढे काच भरायला कोणाचे मन होणार?"

पंतांनी कागदावरील तो शब्द पुन्हा वाचिला. मग म्हणाले, "आक्का, उद्या येतो दरबारी, सांगतो." आक्का म्हणाली, "आज जा." पंत म्हणाले, "उद्या." आणि दुसरे दिवशी साठ माणसे आली, आणि पंतकाका म्हणाली, आणि पंतांनी कागद वाचिला. तिसरे दिवशीही वाचिला. चौथे दिवशी एक म्हातारा उजवे हाताचा आला आणि म्हणाला, "काका, माझे तिन्ही लेक लष्करात घातले. तिनाचे किती होतील हो?" तेव्हा पंतांच्याने वाचवेना, आणि दफ्तर तसेच उघडे टाकोन ते आक्काच्या दारी गेले, आणि दोघे दरबारी गेली.

पंतांनी अर्ज केला की, सेवकाच्या वाचण्यात चूक जाहली, युद्धाने माणसे वाढत नाहीत, मरतात. महाराज म्हणाले, "पंत, वाढणे म्हणजे वाढणे. पानात भात वाढतात, तो कमी होतो काय?" पंत म्हणाले, "होतो महाराज. भांड्यातला." हे महाराजांस पटले, आणि त्या क्षणात युद्ध टळत होते, परंतु हैबतराव म्हणाले, "पुरावा काय?" तेव्हा आवडाक्का पुढे जाहली, आणि हातातील एक हिरवी बांगडी काढोन तिने दरबारच्या फरशीवर आपटली, आणि म्हणाली, "ही पाहा सरकार. ही वाढली."

सर्वांनी वाकोन पाहिले. हैबतरावांनी तुकडे उचलिले, मोजिले आणि म्हणाले, "महाराज, एक होती. तीन जाहल्या."

"वाढली की मग!" महाराज म्हणाले.

"अहो सरकार, आता ती कोणाच्या हातात भराल?"

"ते भरणाऱ्याने पाहावे. वाढली हे तुम्हीच म्हणालात."

आक्का म्हणाली, "मग माणसांचेही असेच होईल हो," आणि दरबारात मोठा हर्ष जाहला. मग निकाल जाहला की, कासारीण डावे हाताची, सबब उजव्यांनी तिची साक्ष मानू नये. आणि ती डाव्यांच्या युद्धास आडवी आली, सबब डाव्यांनीही मानू नये. पंतांची शाल परत घेतली. दुसरे दिवसापासोन दफ्तरी कोणी आले नाही. वाणी समोरोन गेला तो पायातले खेटर पाहत गेला. पंत आणि आक्का एका गल्लीत समोरासमोर राहत, परंतु आता मध्ये पंथ होता, म्हणोन पहारा बसला, आणि दोघे आपापल्या उंबऱ्यावरोन एकमेकांकडे पाहत बसत. पंत "वाढली म्हणजे" म्हणत, आणि आक्का समोरोन ओठ हलवी, "फुटली", आणि इतकेच त्यांचे बोलणे दीड महिना चालिले.

मग संग्रामास नारळ पाहिजे, म्हणोन परमुलुखातून एक नारळ मागविला. तो हत्तीवरून आला, मागेपुढे शंभर स्वार, आणि माळावर चौरंगावर ठेविला. लोकांनी नारळ कधी पाहिला नव्हता. मग ध्यानात आले की, व्यापाऱ्याने तो सोलून, घासून, अगदी गुळगुळीत करून दिला आहे, आणि त्यास शेंडीच नाही. मग उजव्यांनी विचारिले, "शेंडी कोणी नेली?" आणि डाव्यांनीही हेच विचारिले, आणि दोघांनी एकदमच शस्त्र उपसले.

दोन प्रहर चालिले. त्याचे वर्णन करण्याजोगे काही नाही. पंत तिसरे प्रहरी माळावर गेले. ज्यांनी कागद पुन्हा वाचा म्हटले होते त्यांतील पुष्कळ तेथे होते. म्हाताऱ्याचे तिन्ही लेक एका ठिकाणी होते आणि म्हातारा त्यांच्याजवळ बसला होता. आवडाक्का तांब्या घेऊन पडलेल्यांस पाणी पाजावयास आली होती, उजवे डावे न पाहता, आणि कोणा एकाने पाहिले होते. आता तीही त्यांतच पडली होती, आणि चेहऱ्यावरोन ओळख पटण्याजोगी राहिली नव्हती. पंतांनी तिला मनगटावरोन ओळखिले, कारण राज्यात काचेच्या बांगड्यांचे मनगट एकच होते. बांगड्या सगळ्या शाबूत होत्या.

दुसरे दिवशी हुकूम आला की, युद्ध जाहले नाही. आणि त्याच दिवशी दुसरा हुकूम आला की, न जाहलेल्या युद्धाची नोंद दफ्तरी करून ठेवावी, दोन हजार एकशे सात माणसे वाढली म्हणोन. पंतांनी विचारिले, "बाजूस समासात अर्थ लिहू काय?" उत्तर आले की, समास सरकारी आहे. पंतांनी हुकुमाप्रमाणे लिहिले. मग रुमाल बांधिला आणि पंत दफ्तरी बसोन राहिले. ते रोज स्वतःशी म्हणत, वाढली म्हणजे फुटली. श्रावणापर्यंत खात्रीने म्हणत. भाद्रपदात एकदा वाटले की, आक्का फुटली म्हणाली होती की तुटली? आश्विनात वाटले की, चार हजार म्हणाली, की चाळीस? कागद पाहावा तर कागदावर वाढली इतकेच आहे. समोरचे दार बंद आहे. आपणच सांगावे आणि आपणच ऐकावे, तेणेकरून गोष्ट दिवसेंदिवस पंतांस सोईची होऊ लागली, आणि एके दिवशी कासारणीने सांगितले त्या पहिल्याच दिवशी आपण दरबारी निघालो होतो ऐसे त्यांस साफ आठवले. तेव्हा पंत भ्याले.

सारांश, मागला संग्राम कोण जिंकला हे त्या राज्यात घरोघरी पाठ होते, आणि संग्रामात काय जाहले हे एका बाईस ठाऊक होते, आणि आता एका माणसास थोडेसे ठाऊक आहे. पंतांनी कार्तिकात हुजुरांस अर्ज केला, त्याची नक्कल येथे लाविली आहे:

"सेवेसी विनंती ऐसी जे. दफ्तरी एक इसम नेमावा. उजवा असो, डावा असो, हरकत नाही. लिहिता वाचता न आले तरी चालेल. कामगिरी इतकीच की, सेवक मागील हकीकत सांगेल तेव्हा त्याने समोर बसावे, आणि जेथे सेवक स्वतःस चांगला म्हणवील तेथे 'पंत, खोटे सांगता, तुम्ही तीन दिवस गप्प होता' ऐसे मोठ्याने म्हणावे. रोज एक वेळ म्हटले तरी पुरे. हुजुरांकडोन जलद नेमणूक व्हावी, कारण सेवकास ते तीन दिवस आताशा दोनच आठवतात. कळावे, हे विज्ञापना."