हणमंतनानांची दगडभरती

आमच्या कॉलनीतले हणमंतनाना दगड चाटून बघतात. लपूनछपून नाही, भर रस्त्यात. कोरेगावच्या बसमधून पिशवी घेऊन उतरतात, कॉलनीच्या फाटकापाशी उकिडवे बसतात आणि एकेक दगड जिभेला लावतात. जीभ चिकटली की दगड पास. नाही चिकटली की गटाराच्या कडेला.

"भरती हाय ही, पोरी," ते मला म्हणाले. "अंगावर भोकं पायजेत. गुळगुळीत गडी नामंजूर."

नाना फौजेत स्वयंपाकी होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. येताना मेसमधून भंगारात निघालेली गॅसवरची लांबलचक शेगडी घेऊन आले. खाली दोन बर्नर, वर भाजायची जाळी आणि मधे दगडांचा थर. मूळचे दगड परदेशी, ज्वालामुखीचे. त्यांचा चुरा झाला तेव्हा नानांना कुणीतरी सांगितलं, की आपला अख्खा सातारा जिल्हा लाव्हारसाचाच आहे. "मंग भायेरचा दगड कशाला?" नाना म्हणाले, आणि भरती सुरू झाली.

"दगडाबिगर आच वाटली जात न्हाई. एक कोपरा जळतो, दुसरा उपाशी ऱ्हातो," हा त्यांचा सिद्धान्त. एकदा घाईत त्यांनी कृष्णेकाठचा एक गोटा न चाटता घातला. पाणी प्यालेला तो गोटा तापल्यावर फुटला आणि कोंबडीची तंगडी शेजारच्या शाकाहारी काकूंच्या कुरडयांवर जाऊन पडली. काकू आठवडाभर बोलल्या. नाना एवढंच म्हणाले, "फितूर निगाला."

आता माझं. आमच्या घरी पाहुण्याला चहाच्या आधी पत्रक मिळायचं. वडील लिहायचे, मी घड्या घालायचे. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, हे मी अंकलिपीच्या आधी शिकले. त्यामुळे मी स्वतःच्या हातानं एक पत्रक लिहून फाटकावर चिकटवलं: 'शेगडीला दगड कशाला?' मुद्दा साधा होता. आच पसरवायला बर्नरवर वाकवलेला लोखंडी पत्राही पुरतो. नव्या शेगड्यांत तोच असतो. दगड ही निव्वळ सवय आहे, आणि सवयीला शास्त्र म्हणू नये.

खरं सांगायचं तर माझा राग दगडांवर नव्हता. दोन वर्षांपूर्वी नानांच्या सुरेखानं सांगलीत नोंदणी करून लग्न केलं. मुलगा पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला, आता माधवनगरला शिक्षक. नाना म्हणाले, "नामंजूर," आणि लेकीला दार बंद झालं. माणसाची जात बघणाऱ्यांवर मी तेव्हाही एक पत्रक लिहिलं होतं. पहिली प्रत नानांच्या दाराखालून सरकवली. त्यांनी ती कांद्याच्या टोपलीत अंथरली. सुरेखाच्या लग्नाला साक्षीदार म्हणून माझी सही होती, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. निदान मला तसं वाटायचं.

रविवारी दुपारी परीक्षा ठरली. अर्ध्या शेगडीत नानांचे दगड, अर्ध्या शेगडीत माझा पत्रा. जाळीभर पावाचे काप मांडायचे आणि कुठले कसे भाजतात ते बघायचं. नानी पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या.

"आवं, निकाल लागल्यावर तरी जेवायला वाढू द्या," त्या म्हणाल्या.

नानांनी काप उलटे केले. एकेक उचलून उजेडात धरला, वास घेतला, परत ठेवला. दोन्हीकडचे काप सारखेच तांबूस झाले होते.

"तुजं बरूबर हाय," नाना म्हणाले. मी हरखले. इतक्या सरळ कुणी हरत नाही.

"मग दगड काढायचे ना?"

"नामंजूर."

"नाना, अहो, पुरावा समोर आहे."

त्यांनी गॅस बंद केला आणि दगडांच्या बाजूला एक भाजलेलं वांगं भाकरीसकट ठेवून वर ताटली झाकली. आम्ही जेवलो. नानींनी भांडी घासली. तासाभरानं मी पत्र्याला हात लावला, तो गार पडला होता. दगडांवरची ताटली मात्र अजून गरम होती.

"हे कुणाचं राहिलं?" मी विचारलं.

नाना शेगडीची नळी पुसायला लागले. बोलल्या त्या नानी.

"सांगलीची यष्टी अडीचला येती. दर रैवारी हेच. चार वाजलं की स्वतः खात्यात आन् म्हनत्यात, वाया जाऊ ने."

माझ्या पत्रकात आच पसरवण्याचा मुद्दा होता. धरून ठेवण्याचा नव्हता.

"दोन वर्षं दगड तापवताय," मी म्हणाले, "एक फोन नाही करता आला?"

"तू लाव," नाना नळी पुसतच म्हणाले. "साक्षीदार हायस न्हवं? लग्नाचा कागद हिनं तांदळाच्या डब्यात दडवलाय, म्या बघितलाय. फाटकावरचं अक्षर आन् सईचं अक्षर एकच हाय."

नानींनी चमकून घरात, डब्याच्या दिशेनं पाहिलं.

मी फोन लावला आणि नानांच्या हातात दिला. सुरेखाचं "बोल गं" ऐकू आलं. नानांनी ताटली उचलून खाली बघितलं.

"वांगं हाय," ते म्हणाले. "गरम हाय."

मग सुरेखा म्हणाली, "नाना, आता निघून पोचायला संध्याकाळ होईल. पुढच्या रविवारी येतो आम्ही. दोघं. तासभर बसू फक्त. जेवूनच येऊ, तुम्हाला तरास नको."

"नामंजूर," नाना म्हणाले. "जेवायला हितंच. आन् त्येला तिखट कितपत चालतं, त्ये इचारून ठेव."

फोन परत देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझा पत्रा उचलून माझ्या हातात दिला, रिकाम्या झालेल्या अर्ध्या शेगडीकडे बघितलं आणि खुंटीवरची पिशवी काढली.

"आवं, कुटं निगाला उन्हाचं?" नानींनी विचारलं.

"कोरेगावला," नाना म्हणाले. "आता दोन वांगी हायत. दगडं कमी पडत्यात."