समुद्रप्रवेशाचा अर्ज

मागच्या वर्षी हंपीला गेलो तेव्हा चार्जर घरी राहिला, त्रिवेणीचा चष्मा हॉटेलात राहिला आणि आमचा थोरला प्रथमेश एका पेट्रोल पंपावर राहिला. तो अकरा मिनिटांनी परत मिळाला, चष्मा मिळाला नाही. म्हणून यंदाची सहल शिस्तीत करायची असा ठराव मी घरात मांडला आणि त्या वेळी दुसरं कोणी हजर नसल्यामुळे तो एकमताने मंजूर झाला.

मी हायटेक सिटीतल्या एका कंपनीत प्रक्रिया-गुणवत्ता विभागाचा प्रमुख आहे. बाकीचे लोक काम करतात. ते काम ठरल्याप्रमाणे केल्याचा कागद आहे की नाही, हे मी बघतो. कागद असेल आणि काम नसेल तर ती किरकोळ त्रुटी धरली जाते. काम असेल आणि कागद नसेल तर मात्र मला रात्रभर झोप लागत नाही.

आराखडा साधा होता. हैदराबादहून मछलीपट्टणम, तिथून काकिनाडा, मग विशाखापट्टणम. पाच दिवस, पाच माणसं, एक गाडी आणि तीन समुद्र. भूगोलाच्या दृष्टीने समुद्र एकच, पण तक्त्यात ओळी तीन होत्या. प्रत्येक ओळीपुढे 'समुद्रदर्शन, चाळीस मिनिटं, छायाचित्रांसह' असं लिहिलं होतं. आराखड्यात नसलेलं काही करायचं असेल तर चोवीस तास आधी अर्ज, त्यावर दोन मोठ्या माणसांच्या सह्या आणि शेवटी माझी मंजुरी. अर्ज मी मराठीत छापून घेतला, कारण मुलांवर मातृभाषेचे संस्कार व्हायलाच हवेत. मुलांच्या शाळेत मराठी नाही आणि ती शाळा मीच निवडली आहे, ही गोष्ट वेगळी.

धाकटी ईशा आठ वर्षांची. तिने आजवर समुद्र पाहिलेला नव्हता. मोठं पाणी म्हणजे तिच्या लेखी हुसेनसागर तलाव, आणि त्यात पाय घाल असं कोणी आपल्या मुलांना सांगत नाही. सूर्यापेट मागे पडल्यापासून ती एकच विचारत होती.

"बाबा, लाट पायाला लागली की गुदगुल्या होतात का?"

"तिथे गेल्यावर बघू," मी म्हणालो.

मछलीपट्टणमच्या किनाऱ्यावर आम्ही चार वाजून दहा मिनिटांनी पोहोचलो, म्हणजे वेळेच्या पाच मिनिटं आधी. ऊन लखलखत होतं. ईशाने गाडीतून उतरताच चपला काढून हातात घेतल्या आणि पाण्याकडे निघाली.

"ईशा, थांब. चपला घाल," मी म्हणालो. "आराखड्यात दर्शन आहे, प्रवेश नाही."

"पण आपण समुद्रावरच आलोय ना?"

"आलोय. म्हणूनच बघतोय."

त्रिवेणी म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना तिला. इतक्या लांब आलोय." मी तिला शांतपणे समजावलं की आज एक अपवाद केला तर उद्या नियम कुठला आणि अपवाद कुठला हे कळेनासं होतं. माझे वडील, हिम्मतराव, गाडीच्या दाराला टेकून उभे होते. त्यांनी चाळीस वर्षं बेगम बाजारात मसाल्याचं दुकान चालवलं आणि या काळात एकही प्रक्रिया लिहून ठेवली नाही.

"हर्षा," ते म्हणाले, "पोट्टीला कायकू परेशान करतोस? समंदर काय तिचा कागद बघून येणार हाय का?"

"दादा, ही सहल आहे. इथे असं मनाला येईल तसं चालत नाही."

ईशाने वाळूत बसून अर्ज भरला. 'प्रयोजन' या शब्दाशी ती अडली आणि आजोबांनी तिला अर्थ सांगितला. तिने तिथे वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'समुद्र आहे म्हणून.' मी अर्ज वाचला आणि चोवीस तासांची मुदत नाही, कारणही अपुरं, असा शेरा मारून परत केला. तोवर चाळीस मिनिटं झाली होती. फोटो छान आले. त्यात ईशाच्या मागे पन्नासेक पोरं पाण्यात धिंगाणा घालताना दिसतात. ती कोणाची होती कोण जाणे, पण त्यांच्या घरात काही पद्धत नसावी.

दुसरा अर्ज तिने गाडीत लिहिला, काकिनाड्याच्या वाटेवर, तिथल्या समुद्रदर्शनाच्या बरोबर चोवीस तास आधी. कारणाच्या रकान्यात या वेळी 'अनुभवातून शिक्षण' असं होतं. हे तिच्या शाळेच्या माहितीपत्रकातलं वाक्य आहे आणि ते मला आवडलं. त्रिवेणीने न वाचता सही केली. दादांनी गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. सगळं रीतसर झालं होतं. काकिनाड्याच्या किनाऱ्यावर मी शेवटची तपासणी करायला बसलो आणि घात झाला.

निघण्यापूर्वी मी सगळ्यांच्या नमुना सह्या घेतल्या होत्या. दादांची नमुना सही मराठीत होती. अर्जावरची उर्दूत.

"दादा, ही सही तुमची नाही."

"माझीच हाय. घाईत हात तसाच चालतो माझा. उर्दूत शिकलो, उम्रभर पावत्यांवर तशीच केली. बेगम बाजारात कोणी नाही म्हणलं नाही."

"मग नमुना मराठीत का दिलात?"

"तू छापलास मराठीत, म्हटलं पोराचं मन राखावं."

एकाच माणसाच्या दोन लिपींतल्या दोन सह्या ग्राह्य धरायच्या तर पडताळणीसाठी त्यांचं जुनं ओळखपत्र लागणार, आणि ते हैदराबादला कपाटात. ईशा माझ्याजवळ उभी राहून सगळं ऐकत होती. "आजोबांना मी ओळखते," ती म्हणाली. मी तिला सांगितलं की ओळखणं आणि पडताळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिने मान हलवली. समुद्राकडे बघायचं तिने सोडून दिलं आणि ती अर्जच पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. मला वाटलं, चला, मराठी सुधारतंय.

तुनी गाव आल्यापासून त्रिवेणी माझ्याशी बोलेनाशी झाली. विशाखापट्टणमला पहिल्या दिवशी पाणबुडीचं संग्रहालय ठरलेलं होतं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आम्ही पाणबुडीत शिरलो आणि दुसऱ्या टोकाने कोरडे बाहेर पडलो. त्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत दादा एवढंच म्हणाले, "उद्या वापस निघायचं हाय." मला काय झालं कोण जाणे, मी माझ्या अधिकारात तातडीची बैठक बोलावली आणि तिचा तोच अर्ज विशाखापट्टणमसाठी मंजूर केला. सकाळी सात ते सात वीस, खोली घोट्यापर्यंत, सनस्क्रीन अर्धा तास आधी, सोबत एक पालक. सहीच्या पडताळणीची आणि चोवीस तासांची, दोन्ही अटी मी स्वतः शिथिल केल्या. नोकरीच्या सतरा वर्षांत असं मी कधी केलं नव्हतं.

सकाळी सातला आम्ही किनाऱ्यावर होतो. पाणी चकाकत होतं. मी ईशाला म्हणालो, "जा."

ती हलली नाही. तिने चपलाही काढल्या नाहीत. मंजुरीचा कागद हातात धरून ती म्हणाली, "इथे घोट्यापर्यंत लिहिलंय. लाट गुडघ्यापर्यंत आली तर?"

"आली तर येऊ दे."

"मग जबाबदार कोण?"

"मी."

"तसं यात नाहीये. लिहून द्या."

माझ्याकडे पेन नव्हतं. त्रिवेणीच्या पर्समध्ये नव्हतं. दादा म्हणाले, "अगं जा ना बेटा, कागद फेक तो." ईशाने आजोबांकडे मोठ्या समजूतदारपणे बघितलं. मी बूट न काढता पाण्यात गेलो, गुडघ्यापर्यंत गेलो, तिला हाका मारल्या, हात हलवले. खाली वाळू सरकत होती आणि पायांना खरंच गुदगुल्या होत होत्या. मी तिला ओरडून तसं सांगितलं. ती कोरड्या वाळूत उभी राहून प्रथमेशच्या घड्याळात बघत होती. सात वीस झाल्यावर तिने कागदाची नीट घडी घातली आणि गाडीकडे चालू लागली.

मला फार वाईट वाटलं. इतकं की परतीच्या साडेसहाशे किलोमीटरमध्ये मी एकाही थांब्याची वेळ टिपली नाही. ईशाने टिपली.

हे सगळं मी आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर जसंच्या तसं लिहिलं, काही लपवलं नाही. वाटलं होतं, कोणी तरी दोन शब्द सुनावेल. संध्याकाळपर्यंत त्र्याऐंशी जणांनी अर्जाचा नमुना मागवला. तुम्ही कदाचित मागवला नसेल. पण खरं सांगा, वाचताना तुमच्याही मनात एकदा येऊन गेलंच ना, की ती सही आधीच नीट तपासून घेतली असती तर काम झालं असतं?