झिपरीचा ऐंशी पानी पूल

एका जंगलात एक इंजिनिअरिंग कॉलेज होतं. हसू नका, बाळांनो. हल्ली असतंच, शेजारच्या जंगलात तर चार आहेत.

या कॉलेजात शेवटच्या वर्षाला झिपरी नावाची खार होती. कॉलेजासमोर ओढा होता आणि ओढ्यात हत्ती बुडेल एवढं पाणी. झिपरीने प्रोजेक्ट म्हणून त्यावर पूल बांधला. सागाच्या ऐंशी जाड साली, वेलींनी घट्ट ओवलेल्या. आठ महिने राबली बिचारी. शेपटीचे निम्मे केस झडले. पण सगळं कॉलेज त्या पुलावरून ये-जा करू लागलं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. हत्तीसाहेब. टाय लावून, डुलत डुलत, त्याच पुलावरून आले. पूल कुरकुरलासुद्धा नाही.

पहिला नंबर मोराचा. त्याने पिसारा उघडला, मान मागे वळवली आणि पिसाऱ्यावर लिहिलेलं अक्षर न अक्षर वाचून दाखवलं. समोर कोण बसलंय हे एकदाही पाहिलं नाही. विषय होता पाऊस पाडणारं यंत्र. यंत्र नव्हतं. अहवाल मात्र एकशे दहा पानांचा होता, गेल्या वर्षीच्या लांडोरीचा.

"उत्कृष्ट!" हत्तीसाहेब म्हणाले.

मग झिपरी उठली.

"सर, मी ओढ्यावर पूल बांधलाय. आपण त्यावरूनच आलात."

"ते असू दे. अहवाल?"

झिपरीने दोन पानं पुढे केली.

"दोनच? आणि यात भार चाचणी कुठाय?"

"सर, ती... सकाळी आपणच..."

"मी परीक्षक आहे. चाचणी प्रकरण पाचमध्ये असते. संध्याकाळी पाचच्या आत ऐंशी पानी अहवाल आण, बांधणी करून. नाहीतर वर्ष गेलं समज."

झिपरी रडत मार्गदर्शकांकडे गेली. मार्गदर्शक म्हणजे कासव सर. ते वर्षातून दोनदाच डोकं बाहेर काढत, एकदा विषय मंजूर करायला आणि एकदा सही करायला.

"सर, दोन पानांत सगळं आलंय हो. ऐंशी पानांत लिहू काय?"

"अगं, नुसते आभारच चार पानं होतात," सर म्हणाले आणि आत गेले.

जंगलात लिहायचं ते झाडाच्या सालीवर. पण सबमिशनचे दिवस! पोरांनी झाडंच्या झाडं सोलून काढलेली. झिपरी जंगलभर हिंडली, पण साल मिळेना. शेवटी ती ओढ्याकाठी आली. पुलाकडे पाहून तिला हुंदका फुटला. मग डोळे पुसून तिने पहिली गाठ सोडली.

पाचला पाच कमी असताना अहवाल टेबलावर पडला. सागाची साल, वेलीची बांधणी, पानं बरोबर ऐंशी. आभार मानले होते आईचे, बाबांचे, कासव सरांचे, परीक्षकांचे, आणि योग्य जागी वाहिल्याबद्दल ओढ्याचेसुद्धा. झिपरीने भर संध्याकाळी "गुड मॉर्निंग, रिस्पेक्टेड सर" म्हणून सुरुवात केली. हत्तीसाहेबांना गहिवरून आलं. शेवटच्या पानावर 'भविष्यातील वाव' होता. तिथे लिहिलं होतं, 'या ठिकाणी पूल बांधण्यास भरपूर वाव आहे.'

"याला म्हणतात अभ्यास!" हत्तीसाहेबांनी तिला मोरापेक्षा दोन गुण जास्त दिले. असा अहवाल विद्यापीठात दाखवायलाच हवा म्हणून तो सोंडेत धरला आणि घरी निघाले.

ओढ्यापाशी येऊन थबकले. झिपरी पोचवायला मागोमाग आलीच होती.

"अगं, पूल कुठं गेला?"

"तुमच्या सोंडेत आहे, सर."

हत्तीसाहेबांनी अहवालाकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं.

"मग हा घे परत, आणि चटकन बांध."

"असं कसं, सर?" झिपरी अदबीने म्हणाली. "सबमिट केलेला अहवाल परत मिळत नाही. नियमच आहे."

नियम म्हटल्यावर हत्तीसाहेबांचा नाइलाज झाला. टाय सारखा करून ते पाण्यात उतरले. पाय गेले, पोट गेलं, कान गेले. झिपरी काठावर बसून निवांत शेंगदाणे खात बघत होती. मधल्या धारेत नुसती वर धरलेली सोंड दिसत होती, आणि सोंडेत अहवाल.

तात्पर्य : काम पाण्यात गेलं तरी चालेल, अहवाल कोरडा राहिला पाहिजे.

हेच तात्पर्य उद्या प्रत्येकाने सहा पानांत लिहून आणावं. पहिली चार आभाराची.