कपाळापर्यंत आलेला नवरदेव

सबंध गंगापूर रोडवर आपल्याइतकं वेगवान इंटरनेट कुणाकडे नाही, असं दिनेशचं म्हणणं होतं. ते कुणी तपासलं नव्हतं, म्हणून टिकून होतं.

त्या रविवारी तपासणी झाली. मेहुणी ज्योत्स्नाला पुण्याचं स्थळ आलं होतं आणि तिची अट होती, की मुलगा आधी मला दिसला पाहिजे, त्याशिवाय मी पोह्यांना हात लावणार नाही. मुलाने, म्हणजे नवनाथने, मुकाट्याने फोटो ईमेल केला. तो सिडकोत मामाकडे उतरला होता आणि दुपारी फोन करणार होता. होकार मिळाला तर घरी येणार, नाहीतर संध्याकाळची पुण्याची बस. मुलगा बरा आहे असं सगळेच सांगत होते, त्यामुळे ज्योत्स्नाला जास्तच शंका येत होती. सासूबाई सुलाबाई तर नामपूरहून खास आल्या होत्या.

फोटो उतरवण्याआधी दिनेशला वेग वाढवायची हुक्की आली. माहिती पाकिटांतून येते आणि पाकिटाचा आकार बदलला की वेग बदलतो, असं त्याने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. पुढचं पान वाचायची त्याला गरज वाटली नाही. त्याचं बालपण विंचूरच्या कांदा मार्केटजवळ गेलं होतं. मोठी गोणी घेतलेला हमाल रेंगाळतो आणि पिशवीवाला पळतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने पाकीट होईल तितकं लहान केलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि घरातल्या एकुलत्या फोनची वायर मॉडेमला जोडली.

फोटो वरून खाली उतरू लागला. चहा होईपर्यंत केस आले. डावीकडचा भांग चहा संपल्यावर दिसला. कपाळाला तर अंतच नव्हता.

"टकला शे का?" सुलाबाईंनी काळजीने विचारलं.

"आई, केस आहेत ना वर," दिनेशची बायको ललिता म्हणाली आणि तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याने नजर मॉडेमवर नेली. भुवयांपाशी फोटो थांबला. तेवढ्यात बेल वाजली.

दारात एक तरुण घामाघूम उभा होता. दुपारभर फोन एंगेज येतोय, तेव्हा नकार समजायचा का, एवढं विचारायला आलो, असं तो म्हणाला. ज्योत्स्नाने भांग पाहिला, कपाळ पाहिलं, आणि ओळखलं.

नवनाथला आत घेतलं, तर समोर त्याचंच कपाळ. दिनेशने मोठ्या अभिमानाने पाकिटांची युक्ती सांगितली.

नवनाथ चाचरत म्हणाला, "पण प्रत्येक पाकिटावर पत्ता लिहावा लागतो ना? एवढ्याशा पाकिटात पत्ताच मावणार. मी कुठे मावू?"

ज्योत्स्ना खळखळून हसली आणि आत गेली. दिनेशने गुपचूप पाकीट पूर्ववत केलं. थोड्याच वेळात नवनाथ हनुवटीसकट पडद्यावर आला, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. स्वयंपाकघरात मोहरी तडतडत होती.

"बघितलंत," दिनेश म्हणाला, "आता किती फास्ट आला!"