साठ म्हंजे साठ

सोनबाजींच्या गाडीत एकदा बसलेला माणूस दुसऱ्यांदा बसण्याआधी घरच्यांचा नीट निरोप घेऊन येत असे. मी दर शनिवारी बसायचो. मी लाखनीच्या शाळेत गणित शिकवायचो, शाळेच्या कामाने भंडाऱ्याला जावं लागे, आणि शेजारी म्हणून सोनबाजी मला हाताला धरून गाडीत कोंबत.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. सोनबाजी धानाचे शेतकरी. जवाहरनगरच्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याची जुनी अँबॅसडर यांनी घेतली. म्हातारी होती, पण तब्येतीने ठणठणीत. ती हायवेला लागली की ट्रकवाले बाजूला होत आणि मागच्या सीटवर मी डोळे मिटून देवाचं नाव घेई.

"जरा हळू घ्या ना," असं कोणी म्हटलं की सोनबाजी खवळत.

"हळूच तं चालवून राहिलो जी! साठ! साठ म्हंजे साठ! काटा पाहा ना काटा!"

काटा खरोखरच साठावर असे. गाडी घेतली तेव्हा त्यांनी बायकोला, म्हणजे अनसूयाकाकूंना, शब्द दिला होता की साठच्या वर नेणार नाही. काकू स्वतः त्या गाडीत कधीच बसल्या नाहीत. पण तो शब्द सोनबाजी डोळ्यांत तेल घालून जपत. काटा चुकून एकसष्टला टेकला, तर ते पाय उचलत, स्टिअरिंगवरचा हात काढून कान पकडत आणि "माफी!" म्हणत. आम्हाला त्या माफीचीच जास्त धास्ती होती.

एकदा दिघोरीच्या लग्नाला नवरदेव घेऊन निघाले. मुहूर्त टळायला आला म्हणून नवरदेवाचा बाप रडकुंडीला आला. "थोडी वाढवा ना जी!" सोनबाजी ढिम्म. "लगन उद्या लागन. माहा शब्द मोडला तं उद्या जुडनार हाये का?" मुहूर्त गाठला तो गाठलाच. फक्त मुंडावळ्या वाटेत कुठेतरी खिडकीतून उडून गेल्या होत्या आणि नवरदेव दोन माणसांच्या आधाराने बोहल्यावर चढला.

एका शिपायाने अडवून विचारलं, किती जोरात होता? सोनबाजींनी त्याची मान धरून खिडकीत घातली. "काटा पाहा!" गाडी उभी होती, काटा शून्यावर होता. शिपायाने कंटाळून सोडून दिलं.

चहाच्या टपरीवर ट्रकवाले हसत. "सोनबाजी, आभाळातून इमान उतरवलं का?" हे कप आपटून उठत. "बायकोले देल्लेला शब्द हाये माहा! सिद्ध करून दाखवा एकसष्ट, आत्ताच गाडी इकतो!" कोणी सिद्ध करत नसे. गाडीत बसलेल्या माणसाला काट्याकडे बघायचं भान कुठे असणार?

ते नको ते काम माझ्या हातून झालं. वर्गात काळ-काम-वेग चालू होतं. त्या शनिवारी मी धीर करून पुढच्या सीटवर बसलो आणि खोड म्हणून मनगटावरच्या घड्याळात एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंतचा वेळ मोजला. साठच्या वेगाने मिनिट लागायला हवं. सदतीस सेकंद लागले. पुन्हा मोजलं, अडतीस. मी रुमालाने काट्यावरची काच पुसली. धुळीखाली बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, मैल.

रस्त्यावरचे दगड केव्हाच किलोमीटरचे झाले होते. गाडी मैलांतच राहिली होती.

"सोनबाजी, हे मैल आहेत. तुमचे साठ म्हणजे शहाण्णव."

"साठ कायले शहाण्णव होतीन? काहीच्या काही सांगून राहिले!"

मी मास्तर माणूस. उदाहरण सोडवूनच दाखवलं. बोलता बोलता गाडी मंद झाली आणि एका मोहाच्या झाडाखाली थांबली. सोनबाजी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिले.

"नऊ वर्सं," ते म्हणाले. "तिच्या डोक्स्यावर हात ठेवला होता जी मी. थे म्हने, लेकरूबाळ नाई आपल्याले, तुमाले काही झालं तं मले कोन हाये?"

मी घाईने म्हटलं, "कशाला सांगता त्यांना? मी कुठे बोलणार नाही."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "शब्द तिले देल्ला होता. तुमाले नाई."

गाडी तिथूनच वळवली. काकू अंगणात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. सोनबाजी समोर उभे राहिले आणि गावासमोर छाती काढून बोलणारा तो माणूस खाली मान घालून म्हणाला, "नव्वदच्या वरतं चालवली मी. मले माहीत नोहतं. पन चालवली. इकून टाकतो."

काकूंनी सूप खाली ठेवलं. मला माझ्या गणिताचा इतका राग कधी आला नव्हता.

"गुरुजी, तुमीबी बसत होते ना?"

"हो काकू."

"भेव नाई वाटला?"

"दर शनिवारी वाटायचा."

त्या पदर झटकून उठल्या. "इकाची नाई," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "नऊ वर्सं या अंगनात उभी राहून वाट पायली मी तुमची. जीव टांगून. आता नाई पाहात. आता मीबी बसीन संग. जे होईन, थे दोघायचं होईन."

आणि खरोखरच जाऊन पुढच्या सीटवर बसल्या. मी उगाच सुपातले खडे वेचू लागलो.

सोनबाजींनी त्यांच्या बाजूचं दार लावलं. ओढून पाहिलं. पलीकडे जाऊन बसले, पुन्हा उतरून आले आणि पुन्हा ओढून पाहिलं. मग गाडी निघाली. मी गल्लीच्या टोकापर्यंत सोबत चालत गेलो, आणि गाडी मागे पडत होती म्हणून मलाच दोनदा थांबावं लागलं. मागून धानाची एक बंडी आली. बैल अँबॅसडरच्या बाजूने आरामात पुढे निघाले. बंडीवाल्याने वाकून विचारलं, "का जी सोनबाजी, बिघडली का?"

सोनबाजींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सारी गल्ली ऐकेल असे ओरडले, "बिघडली नाई! घरचं मानूस बसलं हाये अंदर!"