छातीवरचा निळा तुकडा

“टाका असा घातलाय, की कोट फाटेल पण हा तुकडा सुटायचा नाही!” मिलिमीटरांनी जाहीर केलं. त्यांच्या लेकीनं एकदाच कोटाकडे निरखून पाहिलं आणि काही न बोलता ती केस विंचरायला निघून गेली.

मिलिमीटर हे त्यांना ऑफिसात पडलेलं नाव. जन्मभर इमारतींचे नकाशे काढले, एक रेघ कधी चुकली नाही. सुई मात्र काल दुपारी पहिल्यांदाच हातात धरलेली! आज लेकीचं नोंदणी लग्न. बायको जाऊन दोन वर्षं झालेली. पण लग्नाला ती हजर हवीच, म्हणून तिच्या निळ्या सुती शालीचा तुकडा कापून आपल्या कोटावर, बरोबर काळजाच्या जागी शिवायचा, असा बेत त्यांनी केला. विसरायला नको म्हणून ओळखपत्र आधीच आतल्या खिशात टाकून ठेवलं. ऐन वेळी चष्मा सापडेना. सगळं घर पालथं घातलं, तरी नाही! “नकाशे काढणाऱ्याला चष्मा कशाला?” म्हणत त्यांनी खुर्चीवर ठेवलेली शाल चाचपून उचलली, कात्री चालवली आणि बोटं टोचून घेत दुहेरी दोऱ्यानं तुकडा शिवून टाकला.

सकाळी कोट घातल्यापासून छातीत काहीतरी टोचत होतं. लेक घरातून जाणार, त्याचंच ते दुःख, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

नोंदणी कार्यालयात नंबर आला. कारकून म्हणाला, “काका, साक्षीदार ना तुम्ही? ओळखपत्र?”

“हे काय!” मिलिमीटरांनी ऐटीत आतल्या खिशात हात घातला. हात आत जाईना! तुकडा शिवताना कोट, अस्तर आणि खिशाचं तोंड, सगळंच एका टाक्यात गेलं होतं.

“आहे हो, पण आत आहे.”

“आत म्हणजे कुठे?”

“कोटात. शिवलंय.”

मागे रांगेत खसखस पिकली. होणारा जावई छताकडे बघू लागला.

“दहा मिनिटांत खिडकी बंद होईल,” कारकुनानं कात्री पुढे सरकवली. “मग पुढची तारीख महिन्याभरानं.”

मिलिमीटरांनी कोट छातीशी कवटाळला. “तुकड्याला कात्री लावायची नाही! माझ्या डोळ्यांदेखत तिला कुणी उसवायचं नाही!”

आवाज चिरकला. 

“बाबा, द्या इकडे.” लेकीनं कोट उलटा केला आणि आतून अस्तर टर्रकन फाडलं. ओळखपत्र बाहेर पडलं. मागोमाग चष्मा!

चष्मा लावून मिलिमीटरांनी आपली कलाकुसर पहिल्यांदाच पाहिली. चारी बाजू चार मापांच्या. मधोमध तेलाचा डाग. कोपऱ्याला खिळ्यावर अडकवायचा बंद!

“अगं, हे...”

“स्वयंपाकघरातलं निळं फडकं. शाल माझ्या खांद्यावर आहे, अख्खी.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“काय बोलणार? शाल आईनं कपाटात जपली, कधी अंगावर घेतली? फडकं मात्र दिवसभर खांद्यावर असायचं तिच्या. सकाळी तुम्हाला बघितलं आणि वाटलं, आलीच आई.”

मिलिमीटरांनी फडक्यावरून एकदा हात फिरवला. वाकून त्यांनी कशीबशी सही केली, तोच डोळ्यांतलं पाणी टपकन सहीवर पडलं. शाई पसरू लागली.

“अहो, टिपा, टिपा!” कारकून ओरडला. “फडकं आहे का कुणाकडे?”

सगळी रांग मिलिमीटरांच्या छातीकडे बघू लागली.