गिरणीतला कडा

एका रविवारी सकाळी मी चहा गाळत असताना स्वयंपाकघराच्या भिंतीतून पहार बाहेर आली. साखरेचा डबा आणि मिठाची बरणी यांच्या बरोब्बर मधून. बरणी वाचली, माझ्या हातातली गाळणी मात्र खाली पडली. पहार क्षणभर थांबली, मग मागे गेली, आणि भोकातून आवाज आला, "बाई, च्या झाला का? जरा खोल गेली वाटतं."

हे आमचे बापू. सत्तर सालाच्या आसपास मी वेल्ह्याच्या शाळेवर बदलून आले, तेव्हा त्यांच्या घरातली एक खोली मला भाड्याने मिळाली होती. माझ्या भिंतीपलीकडे त्यांची भाताची गिरण. विंझरला नवी गिरण निघाली, गिऱ्हाईक तिकडे वळलं, आणि बापूंनी इंजिन विकून टाकलं. उरली ती नुसती उंच, रिकामी इमारत. दुसऱ्या कुणी तिथं गवत भरलं असतं. बापूंनी तिथं कडा बांधायला घेतला.

कडा म्हणजे कडाच. पण छपराखाली, घरात. डोंगरातून दगड आणायचे, भिंतीत भोकं पाडून ते निम्मे आत आणि निम्मे बाहेर असे बसवायचे, आणि त्यांना धरून आढ्यापर्यंत चढायचं. चढून काय करायचं, तर खाली उतरायचं.

माझं भोक कधी बुजवणार हे विचारायला मी गिरणीत गेले, तर समोर कुणी दिसेना. "बाई, हितं," असं डोक्यावरून ऐकू आलं. वर पाहिलं आणि मी दाराची चौकट घट्ट धरली. साठीचे, सहा फुटी बापू धोतर वर खोचून पालीसारखे भिंतीला चिकटले होते.

"बापू, आधी खाली या. पडाल."

"पडतो की. पडायलाच बांधलंय," असं म्हणून त्यांनी खरोखर हात सोडले.

खाली तुसाची पोती रचलेली होती आणि त्यांवर कमरेएवढा पेंढा. त्यातून आधी मिशा वर आल्या, मग बापू.

बुचकळ्यात पडण्यासारखीच गोष्ट होती. वेल्ह्यात दारातून मान वर केली की तोरणा दिसतो. चढायचीच हौस असेल तर डोंगरांना काय तोटा? घरात कशाला आणखी एक? मी तसं विचारलंही. बापू म्हणाले, "भायेरच्या कड्याखाली पेंढा नसतोय, बाई."

मला कुठलंही काम मुद्दे घालून समजावून घ्यायची सवय. म्हटलं, तुमच्या या घरातल्या कड्याला काय काय लागतं ते एकदा नीट सांगा. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं बहुतेक. हात झटकून ते सुरू झाले. पहिली पडायची जागा. ती झाल्याबिगर एकही दगड बसवायचा नाही. मग दगड असा बसला पाहिजे की बैल जुंपला तरी हलणार नाही. उतरायची वाट चढायच्या वाटेपेक्षा सोपी हवी, कारण भीती उतरताना वाटते. उजेड वरून हवा. त्यासाठी त्यांनी छपराची चांगली कौलं काढून काचेची बसवली होती. हाताला घाम येतो म्हणून चुलीतली राख मडक्यात भरून ठेवायची. "आन् खाली हुबं राहनाऱ्यानं हसायचं न्हाई," हे सगळ्यात शेवटी, बोट उगारून.

हे सगळं मला पटलं. दोन गोष्टी पटल्या नाहीत. एक म्हणजे दगड फार जवळ जवळ होते. सहा फुटी माणूस त्यांवरून चढताना गुडघे कानाला लागायचे, अगदी बेडकासारखा दिसायचा. अंतर वाढवा, दगडही कमी लागतील, असं मी सुचवलं. बापू म्हणाले, "माप बराबर हाय." दुसरं, वर एका जागी डाव्या हाताला धरायला काहीच नव्हतं. एवढे दगड बसवलेत, तिथंही एक बसवा, असं म्हटलं.

"तितं न्हाई."

"का नाही?"

"तितं नसतोयच," म्हणाले, आणि राखेचं मडकं उचलून चालते झाले.

बापूंच्या बायकोचं, यमुनाबाईंचं मत सगळ्या आठवडी बाजाराला ठाऊक होतं. बाई बापूंच्या कोपरापर्यंत येतील एवढ्या, पण जीभ धारेची. "म्हाताऱ्याचा सरडा झालाय," असं त्या कांदे निवडता निवडता सांगायच्या. बापू मधूनच इंजिनाच्या कामासाठी म्हणून भोरला जायचे आणि कोपरं, गुडघे सोलवटून परत यायचे. इंजिन विकून झालं होतं, पण त्याचं काम संपत नव्हतं. यमुनाबाई हळद लावता लावता विचारायच्या, "भोरची यष्टी मानसं दारातनं ढकलून देती का?"

यमुनाबाईंचं माहेर डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीत. वर जायला वाट एकच, आणि तिच्यात एका ठिकाणी उभा कातळ. त्यात पाय ठेवण्यापुरत्या खोबण्या खोदलेल्या, प्रत्येकीला वाडीने दिलेलं नाव. वाडीच्या बायका डोक्यावर ओझं घेऊन तिथून रोज जा-ये करतात, यमुनाबाईंनीही लहानपणी केली. लग्नानंतर एकदा उतरताना त्या पडल्या, हात मोडला, आणि भीती बसली ती बसलीच. आई म्हातारी, तिला खाली येववत नाही. मग दर दिवाळीला यमुनाबाई कातळाखाली उभ्या राहायच्या, आई वर कडेला येऊन बसायची, आणि मायलेकी ओरडून बोलायच्या. कुणाची म्हैस व्याली, कुणाला मुलगा झाला, सगळं ओरडून. खालच्या शेतातली माणसंसुद्धा मधून उत्तरं द्यायची म्हणे.

मी आले त्या वर्षी दिवाळीहून त्या परतल्या आणि दोन दिवस बापूंना एक शिवी दिली नाही. मला वाटलं, आजारी आहेत. मग कळलं, आईला ऐकू येईनासं झालं होतं. लेक खालून ओरडत राहिली, आई वरून कानाला हात लावून मान हलवत राहिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या भिंतीतून पहार आली. पण या दोन गोष्टींचा संबंध मी तरी जोडला नव्हता.

गावाने वेगळाच जोडला. बापूंना किल्ल्यावरच्या गुप्तधनाचा पत्ता लागलाय आणि ते तिथं उतरायचा सराव करताहेत, अशी बातमी पसरली. शेवटी तलाठी भाऊसाहेब चौकशीला आले. बापूंनी त्यांना चहा पाजला आणि बूट काढायला लावून भिंतीवर चढवलं. चार दगड चढून भाऊसाहेब थांबले. वर जाईनात, खाली येईनात. "पडा की, पडायलाच बांधलंय," बापू खालून सांगत होते. भाऊसाहेबांनी गुप्तधनाचा विषय पुन्हा काढणार नाही असं वरूनच कबूल केलं. मग पडले.

माझं भोक बापूंनी चिंधी कोंबून बुजवलं होतं. एका शनिवारी, सकाळची शाळा आटोपून मी तांदूळ निवडत बसले होते. गाव जेवून आडवं झालेलं. चिंधीतून बापूंचा आवाज आला, "आता चुलवन. उजवा पाय चुलवनात. आता आईची पायरी."

"गप ऱ्हावा. मला ठावं हाय."

"ठावं हाय तर ठेव की पाय."

दगडावर पाय घासल्याचं ऐकू आलं. मग यमुनाबाईंचा आवाज आला, आणि तो मी कधी न ऐकलेला होता. "अवो, हितनंच पडले हुते."

"व्हय."

"मला न्हाई जमायचं."

मी चिंधी ओढली आणि डोळा लावला. यमुनाबाई नऊवारी घट्ट खोचून भिंतीवर, राखेने हात पांढरे, डावा हात हवेत. तिथंच, जिथं दगड नव्हता. आणि त्यांचे गुडघे कानाला लागत नव्हते. पाय पडेल तिथं दगड होता. माप बरोबर होतं, फक्त ते बापूंचं नव्हतं. भोरच्या नावाखाली ते कुठं जाऊन, कशावर मापाची दोरी लावून, कोपरं सोलवटून येत होते ते मला उभ्या उभ्या कळलं.

बापू खाली उकिडवे बसून पेंढा सैल करत होते. वर न बघता म्हणाले, "मग पड."

"काय?"

"पड की. पडायलाच बांधलंय."

यमुनाबाईंनी एक शिवी दिली, ती इथं लिहिता येणार नाही, आणि हात सोडला. मी डोळे मिटले. धप्प आवाज झाला. मी घाबरून डोळे उघडले. पेंढ्यातून हसू येत होतं, लहान मुलीसारखं, थांबता थांबत नव्हतं. बापू मात्र नियमाप्रमाणे हसत नव्हते. ते भिंतीकडे तोंड करून उपरण्याने डोळे पुसत होते.

"हिकडच्या अंगाला पेंढा कमी टाकलाय," यमुनाबाई केसातल्या काड्या काढत म्हणाल्या, आणि पुन्हा चढायला लागल्या.

त्या माहेरी गेल्या, आठ दिवस राहिल्या, आणि आवाज बसवून परत आल्या. आईच्या कानाशी बसूनही ओरडावंच लागत होतं म्हणे. पण माझ्या डोळ्यांसमोर राहिली आहे ती त्यांची निघायची सकाळ. यमुनाबाई पुढे, आईच्या नव्या लुगड्याचं बोचकं काखेत. मागून बापू, की बापूंचे पाय म्हणू? वर नुसता पेंढ्याचा भारा होता, आत चेहरा असावा.

मी म्हटलं, "बापू, वाडीवर गवताला काय कमी? एवढं ओझं वर कशाला चढवताय?"

भारा थांबला. "वर न्हाई, बाई. कातळाखाली आंथरायला." मग पुढच्या माणसाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात, "ती न्हाई पडायची आता. पन खाली बघितलं तर तिला दिसाय पायजे."